शटर ओढतानाची शीळ

१९ ऑगस्ट

मामा,

पत्र लिहायचं लिहायचं म्हणून कितीदा पेन हातात घेतलं. एकदा रिफिलच संपली. एकदा शेजारच्या खोलीतली बाई चादरींच्या घड्या घालायला बोलवून गेली आणि मी तिथेच रमले. आणि एकदा, खरं सांगायचं तर, काहीसुद्धा झालं नाही. 'मामा' एवढं लिहिलं आणि खाली होड्यांची चित्रं काढत बसले. तेव्हा उशिराला कारण असं काही नाही. भीती वाटत होती. तू ओरडतोस तेव्हा मला कधीच भीती वाटली नाही. तू गप्प बसतोस तेव्हा वाटते.

मामी, तुला वेगळं पत्र नाही, कारण हे तूच वाचणार. मामाचे डोळे मी निघाले तेव्हा होते तसेच असतील, तर आत्ता तू खिडकीशी बसून मोठ्यानं वाचते आहेस आणि मामा भिंतीकडे तोंड करून, ऐकत नसल्यासारखं ऐकतो आहे. माझं अक्षर लागलं नाही तर पदरचं घाल. पण गाळू नकोस. तू गाळतेस, मला माहीत आहे. डॉक्टरांची चिठ्ठी वाचतानासुद्धा तू त्याला बऱ्या वाटतील तेवढ्याच ओळी वाचायचीस.

मी कुठे आहे ते बाजारातल्या कुणीतरी तुम्हाला सांगितलंच असेल. हो, ते खरं आहे. आपलं दुकान होतं तो पक्ष्यांचा बाजार उठवायला जी माणसं आली होती, त्यांच्या टोपीवरचं चिन्ह माझ्या कोटाच्या खिशावर आहे. मी मुद्दाम नाही आले. माझं मुद्दाम काय असतं, मामा? मी निघाले होते खाडीकडे, तिथे होड्या रंगवायला माणसं हवी होती. घाटात बस बंद पडली. ड्रायव्हर म्हणाला, दुसरी गाडी संध्याकाळी. मी पाय मोकळे करायला वर चढले, तर एका फाटकावर पाटी होती, भांडी घासायला माणूस पाहिजे. बस आली नि गेली. तू मला भिंगरी म्हणतोस ते उगाच नाही. पण ही भिंगरी इथे थोडी थांबली आहे, एवढं तुला मुद्दाम सांगते.

आता भांडी नाही घासत. आता पिल्लांना भरवते. इथे एका पक्ष्याची पिल्लं वाढवतात. तू ज्याला 'तळातला' म्हणायचास, तोच. पाठ ओल्या मातीसारखी, पोटावर गंजाचा हात फिरवल्यासारखा रंग, शेपटी उभी. इथली माणसं त्याला बुजरा म्हणतात. डोंगरावरच्या रानात, कमरेएवढ्या झुडपांच्या आत राहतो आणि बाहेर म्हणून येत नाही. इथून खाली एक घळ आहे, तिथे हे पुष्कळ होते म्हणे. मग ह्या उन्हाळ्यात कुणीतरी रान साफ करायचं ठरवलं. वरची झाडं तशीच ठेवली, एक फांदी तोडली नाही, पण खालचं सगळं झाडून नेलं. मी जाऊन बघितलं. बागेसारखं दिसतं, बसायला बाकं ठेवावीत इतकं छान. वाऱ्याचा आवाज येतो, बाकी काही नाही. उरलेल्या घरट्यांतली अंडी ह्या लोकांनी आधीच उचलून आणली होती, म्हणून ही चार पिल्लं आहेत. पावसाळा लागल्यापासून काही लोक तिथे झुडपं पुन्हा लावतायत. झुडपं मोठी झाली की ह्यांना सोडायचं.

कामाची रीत मजेशीर आहे. अंगभर करडा झगा, डोक्यावर टोपडं, तोंडावर जाळी. बोलायचं नाही, खोकायचं नाही. लांब चिमट्यानं अळी धरायची आणि भरवायची. पिल्लाला माणूस कळता कामा नये. मला बघून तू हसला असतास. मामी घाबरली असती.

बुवा कसे आहेत? गातात का अजून सकाळी? सहज विचारते.

तुझी
भिंगरी


४ सप्टेंबर

मामा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमनच्या मागेपुढे करत होते. तो आता मला बघितलं की लांबूनच हात हलवतो, नाही म्हणून.

मागच्या पत्रात बुवांचं सहज विचारलं असं लिहिलं. ते सहज नव्हतं.

झालं असं. पिल्लांच्या खोलीत भिंतीत एक स्पीकर आहे. त्याच्यातून त्यांच्या जातीचं गाणं वाजत असतं, पलीकडच्या डोंगरात कधीतरी टेप केलेलं. पिल्लांनी ते ऐकून शिकायचं. कारण ही जात गाणं घेऊन जन्माला येत नाही, ते बापाकडून उचलावं लागतं. हे तुला मी काय सांगणार. पण स्पीकरला पिल्लं विचारीनात. तो वाजायला लागला की पंख खाजवत बसायची. डॉक्टरबाई म्हणजे इथल्या मुख्य. त्या म्हणायच्या, थांबा, वेळ लागतो.

मग एका सकाळी त्यातलं एक, ज्याच्या डोक्यावर पिसाचा तुरा वाकडा आहे ते, गळा फुगवून गायला लागलं. मी दाराबाहेर झगा चढवत होते. ऐकलं आणि झगा अर्धाच अंगात राहिला.

मामा, ते तुझी शीळ घालत होतं. दुकान बंद करताना शटर ओढत तू घालायचास ती. तीन सूर वर, मग उतरती. आणि आठवतं, शटर शेवटच्या हातभर अंतरावर नेहमी अडायचं? तू तिथे जोर लावायचास आणि शिळेला हिसका बसायचा. तो हिसकासुद्धा त्यानं घेतला आहे. ते दुकान राहिलं नाही, ते शटर भंगारात गेलं, आणि इथे एक पाखरू, ज्यानं कधी शटर बघितलं नाही, ते रोज अडलेलं शटर ओढतं.

बोलायचं नाही, खोकायचं नाही एवढं मी पाळलं. पण चिमटा चालवताना तोंडातून शीळ जाते हे मलाच माहीत नव्हतं. काम करताना तू घालायचास, म्हणून मीही घालते. मी तुझ्याकडूनच उचललेली शीळ पिल्लांनी माझ्याकडून उचलली. स्पीकर त्यांच्याकडे बघत नाही ना, मी बघते. हाताला चोच लागली की मी थांबते, पुन्हा सुरू करते. त्यांच्या लेखी मीच बाप.

डॉक्टरबाईंनी सगळ्यांना बाहेर अंगणात उभं केलं. ओरडल्या नाहीत. फक्त विचारलं, "हे गाणं कुणाचं आहे?"

मी म्हटलं, "माझ्या मामाचं."

"मामा काय करतात?"

"तारेचे रॅक बनवतात. भाजी ठेवायचे."

"त्याआधी?"

मी बुटाची नाडी बांधायला वाकले. त्या म्हणाल्या, "बरं." एवढंच. त्यानंतर इथल्या किटलीची शिट्टी काढून ठेवली आणि फाटकावरच्या काकांचीही. काका फार नाराज आहेत. म्हणतात, शिट्टीशिवाय मी नुसता म्हातारा दिसतो.

मला कामावरून काढलं नाही. का, ते मलाही कळत नाही. कदाचित पिल्लं दुसऱ्या कुणाच्या हातून खात नाहीत म्हणून. पण आता मी जीभ दातांत धरून भरवते.

ह्यात वाईट काय, असं मामी विचारेल. छान शीळ आहे की. मामी, ह्यांना सोडलं तर हे घळीत बसून शटर ओढत राहणार आणि कुठल्याही मादीला कळणार नाही की हा आपला आहे. घरटं नाही, पिल्लं नाही, संपलं. ह्यांना गाणं आलं नाही तर ह्यांना सोडायचंच नाही असं ठरलं आहे. जन्मभर जाळीत. आणि घळीतलं जे गाणं होतं ते तर गेलंच. कारण पलीकडच्या डोंगराचं गाणं वेगळं. टेपसुद्धा इथली नाही, इथली कुणी केलीच नव्हती. इथला शेवटचा नर कधी गप्प झाला ते कुणालाच सांगता येत नाही.

फक्त एक आहे. तो तुझ्या स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीखाली, पडद्याआड असतो.

बुवा तू कुठून आणले होते ते मला आठवतं. मी लहान होते, तू चिखलानं भरलेला आलास आणि म्हणालास, घाटातल्या घळीतले आहेत, गळा बघ कसा आहे. तीच घळ, मामा. मी त्या खडकावर बसले होते, तू सांगितलेला तो दोन तोंडांचा.

पिल्लांचं गाणं अजून ओलं आहे. डॉक्टरबाई म्हणतात, हिवाळ्याच्या आत जिवंत गाणारा समोर आला तर ते बदलेल. नंतर वाळेल, मग नाही.

मी त्यांना तुझं नाव सांगितलं नाही. एवढंच विचारलं, समजा कुणाकडे असा एक असला. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "तुझ्या त्या 'समजा कुणाला' सांग, घाबरू नये. स्वतःहून आणून दिला तर त्याची चौकशी होत नाही. पक्ष्याची होते, ताप आहे का, जंत आहेत का."

पुढचं वाक्य मामीनं गाळायचं नाही. बुवा दिले तर ते परत मिळणार नाहीत. त्यांना रानातही सोडणार नाहीत, वय झालं. इथे झुडपं लावलेला मोठा जाळीचा पिंजरा आहे, ते तिथे राहतील. तुझी सकाळ रिकामी होईल. मी काय मागते आहे ते मला कळतं. सकाळी तू पडदा सारून फळीशी स्टूल घेऊन बसतोस आणि तुमचं दोघांचं जे काय चालतं, ते मी अंथरुणातून रोज ऐकत मोठी झाले. आई गेल्यावर मला तुझ्या घरात आणलं तेव्हा पहिल्यांदा झोप लागली ती तेच ऐकत.

तरी मागते आहे.

भिंगरी


२२ सप्टेंबर

मामा,

तुझं पाकीट मिळालं. पत्ता मामीच्या हातचा. आत कागद नाही, चिठ्ठी नाही. एक पीस.

मी फाटकापाशीच बसले. शेपटीचं पीस होतं, टोकाला तो फिकट ठिपका. बुवांचं. मला वाटलं, संपलं. गेले बुवा, आणि तू मला एवढंच पाठवलंस, की घे, आता हे घे. रागावून पाठवलं असतंस तरी मला बोलायला जागा नव्हती. काकांनी पाणी आणून दिलं. काय झालं विचारलं तर मला सांगता येईना, कारण बुवा कोण हे कुणालाच माहीत नाही. शेवटी म्हटलं, घरचे एक म्हातारे गेले. काका टोपी काढून उभे राहिले. त्यांना नंतर खरं सांगितलं तर रुसले, म्हणाले, मी उगाच उन्हात उभा राहिलो.

संध्याकाळपर्यंत दम निघाला नाही. पीस घेऊन डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. फळी, पडदा, स्टूल, सगळं. म्हटलं, आता तो नाहीच, तर लपवायचं कशाला.

त्यांनी पीस उजेडात धरलं, देठ बघितला, बोटावरून फिरवलं. मग माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी काहीतरी फारच मठ्ठ बोलले आहे.

"हे आपोआप गळलंय. देठ कोरडा आहे बघ. मेलेल्याचं उपटलेलं नाही. तुझे बुवा पिसं टाकतायत."

मामा, मला मेलीला कळायला हवं होतं. दर वर्षी ह्या दिवसांत तू पिंजऱ्यावर दुप्पट कापड घालायचास आणि घरात कुणी मोठ्यानं बोललं तर डोळे वटारायचास. बुवा बसलेत, म्हणायचास. पिसं टाकताना ते गात नाहीत, त्यांना हलवायचं नाही, प्रवास तर नाहीच. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी तू म्हणायचास, शेपटी भरू दे, मग बोलू. कुणी फार मागे लागलं तर तू त्याच्या हातात गळालेलं पीस ठेवायचास. बाजारात सगळ्यांना अर्थ माहीत होता, आत्ता नाही, नंतर ये. मी तुझ्या घरात वाढले आणि मलाच अर्थ लागला नाही. मी इकडे सुतक धरून बसले.

तर तू नाही म्हणाला नाहीस. थांब म्हणालास. मी बरोबर वाचलं ना?

डॉक्टरबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "बाजार उठवायला मीही आले होते. त्या दिवशी एका माणसानं माझ्या हातात असंच पीस ठेवलं होतं. मला वाटलं चेष्टा करतोय."

त्यांनी ते अजून ठेवलं आहे, एका पुस्तकात. तो माणूस तू होतास का, ते मी विचारलं नाही. तू सांग. नाहीतर नको सांगू.

शेपटी भरायला वेळ लागतो आणि इकडे थंडी जवळ येते आहे. वाकड्या तुऱ्याचं पिल्लू आता शटर रोज पहाटेपासून ओढतं. बाकीची तिघं त्याच्याकडून शिकायला लागली आहेत. चार दुकानं बंद झाल्यासारखी वाटतात.

भिंगरी


१७ ऑक्टोबर

मामा,

हे पत्र कदाचित पाठवणार नाही. सकाळचं काम झालं आहे, धुकं खाली उतरलं आहे आणि मी पायरीवर बसून लिहिते आहे.

काल घळीत झुडपांना पाणी घालायला गेले होते. गुडघ्याएवढी झाली आहेत. एक बाई पावसाळ्यापासून रोज येऊन लावते, तिला मी विचारलं, ह्यात येणार कोण, गाणारा तर कुणी उरला नाही. ती म्हणाली, "तू विचारतेस ते घर बांधून झाल्यावर विचार." मग तिनं मला एक फावडं दिलं. इथे सगळे असेच आहेत. जो तो आपल्या हातातलं करत बसतो, पुढचं पुढे. मला आधी ह्याचा राग यायचा. मी कुठेच थांबले नाही ना, कारण थांबलं की पुढे काय होणार ते बघावं लागतं.

रात्री विचार करताना वाटलं, मी तुझ्याकडे मागितलं ते चुकलंच. बाजार उठला, दुकान गेलं, डोळे गेले, आणि उरले एक बुवा, तेच मी मागते. ज्यांनी सगळं नेलं त्यांचा कोट घालून मागते. तू बुवांना रानातून काढलंस हे खरं, आणि तू काढलंस म्हणूनच घळीतलं गाणं तुझ्या फळीखाली उरलं, हेही खरं. ह्यातलं कुठलं मोठं ते मला ठरवता येत नाही. डॉक्टरबाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, ठरवायचं कशाला, दोन्ही खिशात ठेव.

म्हणून लिहायला बसले, की राहू दे. नको पाठवू. तू आणि बुवा, दोघांनी मिळून म्हातारं व्हा. पिल्लं इथे जाळीत राहतील, मी त्यांना भरवीन, त्यांच्याशी शीळ

थांब, काका ओरडतायत. शिट्टी काढून घेतल्यापासून ते हाकाच मारतात. बघून येते.

मामा. मामी आली आहे.

म्हणजे खरंच आली आहे. फाटकाशी उलट्या बादलीवर बसली आहे, तोंड हळदीसारखं पिवळं, घाटात सगळी वळणं पोटात गेली म्हणते. जी भाजीबाजाराच्या पुढे कधी गेली नाही, रिक्षात बसली की डोळे मिटून घेते, ती. आणि मांडीवर पिंजरा. वर तुझ्या जुन्या कोटाचं अस्तर, चारी बाजूंनी शिवलेलं. टाके लांबलांब, आडवेतिडवे. डोळ्यांनी दिसत नसताना घातलेले टाके कसे असतात ते मला कळतं.

काकांनी अस्तर जरा वर करून बघायचा प्रयत्न केला तर त्यांना म्हणाली, "हात लावलात तर बघा. एवढ्या लांब बुवांना तुम्हाला तोंड दाखवायला नाही आणलं मी." वर्षानुवर्षं जिनं पाखरांच्या दाण्याच्या टरफलांवरून तुझं डोकं खाल्लं, घरात एक तर ही पलटण राहील नाहीतर मी असं म्हणायची, तिनं सगळा रस्ता पिंजरा खाली ठेवला नाही. हातावर सळ्यांचे वळ उठले आहेत.

मी विचारलं, मामा का नाही आला.

म्हणाली, "तो आला असता तर परत घेऊन गेला असता. म्हणून मी आले." मग पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "शेपटी भरली आहे, सांग तुझ्या बाईंना. त्यानं रोज हात लावून बघितली."

डॉक्टरबाई स्वतः आल्या. मामीनं त्यांच्या खिशावरच्या चिन्हाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग पिंजरा त्यांच्या हातात दिला. बुवांना अंगणाच्या पलीकडच्या खोलीत ठेवलं आहे, तपासणी होईपर्यंत वेगळे. अस्तर मी उसवलं. म्हातारे झाले आहेत, एक डोळा दुधाळ, पण शेपटी मात्र उभी. आधी पाणी प्यायले, मग दांडीवर दोनदा जागा बदलली, तुझ्या स्टुलाच्या उंचीवर कुणी आहे का बघितल्यासारखं बघितलं.

आणि गायले. थोडंसंच. प्रवासानं गळा बसला असेल.

अंगणाच्या ह्या बाजूला वाकडा तुरा तेव्हा शटर ओढत होता. तीन सूर वर गेला, उतरायला लागला, आणि हिसक्याच्या आधी थांबला. मान वाकडी केली. तेव्हापासून तो गप्प आहे. ऐकतो आहे, असं डॉक्टरबाई म्हणतात. शिकेल का, ते आत्ता सांगता येत नाही म्हणतात. पण स्पीकरसाठी तो असा कधी थांबला नव्हता.

मामी आत माझ्या खाटेवर झोपली आहे. म्हणते, परतीच्या वळणांचं धैर्य आलं की निघेन, आणि त्याला आठवडा लागेल. मी हा कागद घडी घालायला घेतला आणि मग सुचलं, मामा, हे तुला वाचून कोण दाखवणार? तुझी वाचणारी माझ्या खाटेवर घोरते आहे. फळीखाली पडदा लटकतो आहे आणि पलीकडे कुणी नाही.

पिल्लं आता दुसऱ्यांच्या हातून खायला लागली आहेत. डॉक्टरबाई म्हणाल्या, जा. उद्या सकाळची गाडी आहे, ह्या वेळी ती मुक्कामाला पोहोचेपर्यंत मी उतरणार नाही. हा कागद खिशात घालून आणते. स्टूल घेऊन ठेव, मी मोठ्यानं वाचीन आणि काही गाळणार नाही.

भिंगरी